घरच्या शुश्रूषेची कायद्याने घेतलेली दखल

प्रश्न : माझे यजमान लष्करातून निवृत्त झाले असून मणक्याच्या दुखापतीमुळे अंथरुणाला खिळले आहेत. त्यांना कुशीवर वळवण्यापासून सगळे मीच करते. अमेरिकेत अशा पत्नींना सरकार दरमहा पैसे देते, हे खरे आहे का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : होय, खरे आहे. ही तरतूद २०१० च्या कायद्याने झाली. विधेयक सिनेटर डॅनियल अकाका यांचे होते. पण ते मंजूर झाल्यानंतरही या विषयाचा पाठपुरावा ज्यांनी सोडला नाही, त्यांत वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटर पॅटी मरे यांचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात लढलेले त्यांचे वडील पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने अपंग झाले, आणि सात मुलांचा संसार सावरण्यासाठी आईला नोकरी शोधावी लागली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, विद्यार्थिदशेत, मरे यांनी सिअ‍ॅटलमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयात मनोरुग्ण कक्षात कामही केले होते. शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा भत्ता, प्रशिक्षण, समुपदेशन, वर्षातून काही दिवसांची हक्काची विश्रांती आणि स्वतःचा आरोग्य विमा नसल्यास तोही मिळावा, ही मागणी त्या इतक्या पोटतिडकीने का मांडत राहिल्या, हे यावरून समजते.

मात्र या कायद्यात एक मोठा अन्याय राहून गेला होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्या सैनिकांच्याच कुटुंबांना तो लागू होता. व्हिएतनामहून जायबंदी होऊन आलेल्या नवऱ्याची दशकानुदशके सेवा करणारी, आता स्वतःच थकलेली पत्नी त्यातून वगळली गेली. ही अट काढून टाकावी म्हणून मरे यांनी सिनेटर सुसान कॉलिन्स यांच्यासह विधेयक मांडले. अखेर २०१८ च्या कायद्याने अट शिथिल झाली, तरी व्हिएतनामच्या पिढीला प्रत्यक्ष लाभ २०२० मध्ये आणि उरलेल्यांना २०२२ मध्ये मिळू लागला. इतका विलंब मला अक्षम्य वाटतो.

आपल्याकडे २००३ पासूनच्या ईसीएचएस (माजी सैनिक अंशदायी आरोग्य) योजनेत माजी सैनिकांबरोबर त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांवरही उपचार होतात. सेवेशी निगडित शंभर टक्के अपंगत्व असेल आणि वैद्यकीय मंडळाने सततच्या मदतनिसाची शिफारस केली असेल, तर निवृत्तिवेतनासोबत सतत परिचर्या भत्ताही मिळतो. परंतु तो सैनिकाच्या नावे असतो, शुश्रूषा करणाऱ्या पत्नीच्या नव्हे. यजमानांच्या कागदपत्रांत अपंगत्वाची टक्केवारी आणि ही शिफारस नोंदली आहे का, ते पाहावे आणि त्या प्रती घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी अर्ज करावा.