पीस लिलीच्या पानांची टोके करपतात, फुलेही येत नाहीत, काय करावे?

दर्यापूर तालुक्यातील आपल्या घरी ओसरीत ठेवलेल्या पीस लिलीला रोज बोअरचे पाणी घालूनही पानांची टोके तपकिरी पडत आहेत, दुपारी ती माना टाकते आणि नर्सरीतून आणल्यापासून तिला एकही नवे फूल आलेले नाही, असे आपण लिहिले आहे. आपल्याला शंका उन्हाची आहे. मीही याच खारपाणपट्ट्यात ही झाडे वाढवते आणि माझ्या मते टोके करपण्याचे मुख्य कारण आपले पाणी आहे.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्यात भूजल खारे आहे आणि तेच पाणी सतत दिल्याने जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेली, होते, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगायला नको. कुंडीत हे फार लवकर घडते, कारण पाणी पानांतून आणि मातीतून उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात आणि पानांच्या टोकांशी साचून तेथील पेशी जाळतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर तो याचाच पुरावा आहे. कोलंबिया, व्हेनेझुएला यांसारख्या देशांतील पावसाळी जंगलात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या या वनस्पतीला इतके क्षार सोसत नाहीत. पाणी उकळल्याने, तुरटी फिरवल्याने किंवा रात्रभर ठेवल्याने हे खारेपण जात नाही. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी ड्रममध्ये साठवावे आणि ते संपल्यावर आरओचे पाणी द्यावे. तत्पूर्वी एकदा कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी हळूहळू ओतावे व पूर्ण निचरू द्यावे. करपलेली टोके पुन्हा हिरवी होणार नाहीत. ती कात्रीने कापावीत.

रोज पाणी घालणे मात्र थांबवावे. तहानलेली पीस लिली मान टाकते आणि पाणी मिळताच काही तासांत उभी राहते. परंतु माती ओली असूनही ती कोमेजत असेल, तर मुळे कुजत आहेत असे समजावे. म्हणून आधी बोट खुपसून पाहावे आणि वरची इंचभर माती सुकली असेल तरच पाणी द्यावे. शेतातील काळी माती कुंडीत वापरली असल्यास ती बदलावी, कारण ती पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. चांगले धुतलेले कोकोपीट (त्यातही मीठ असते), पूर्ण कुजलेले शेणखत आणि जाड वाळू यांचे मिश्रण तिला मानवते. हे काम मृगाचा पाऊस पडल्यावर करावे, नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत मुळीच नाही.

पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा कुंडी ओसरीतून आतल्या खोलीत न्यावी. कूलरचा ओलावा तिला उपयोगी पडतो, पण त्याचा झोत थेट पानांवर नको. लेकरे व वासरे पाने चावणार नाहीत अशीच जागा निवडावी, कारण पीस लिली अळूच्या कुळातील आहे आणि तिच्या पानांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी तोंडाची आग होते.

आता फुलांविषयी. संत्र्याच्या बागेत फवारतात तेच जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वापरून अनेक उत्पादक विक्रीपूर्वी या झाडांना फुले आणतात. त्यामुळे नवे झाड घरी आल्यावर बरेच महिने फुलले नाही, तरी ते आजारी आहे असे समजू नये. त्याला थेट ऊन नको, पण भरपूर उजेड हवा. उत्तरेकडील खिडकी उत्तम. ठिबकसाठी आणलेले 19:19:19 हे पाण्यात विरघळणारे खत घरात असेल, तर लिटरभर गोड्या पाण्यात अर्धा ग्रॅम टाकून केवळ वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा द्यावे, कारण खत म्हणजेही क्षारच. आणि ज्या पंपाने तणनाशक फवारले आहे, त्याने या झाडावर काहीही फवारू नये.