वडिलांना थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. सगळे म्हणतात नस दबलीय, खरंच तसं असेल का?

डॉक्टर नाहीये मी, आधीच सांगतो. पण तुम्ही लिहिलंय ना की थांबलं की बरं वाटतं, ते वाचून आमचे बाबाच डोळ्यासमोर आले.

बाबा एसटीत कंडक्टर, बिडी तीस-पस्तीस वर्षं, शेवटी शेवटी शुगर पण लागली. रिटायर झाल्यावर सकाळी फिरायला निघायचे आणि रोज त्याच पानपट्टीपाशी उभे राहून गप्पा मारायचे, आम्हाला वाटायचं सवयच आहे त्यांची, नंतर कळलं की तिथपर्यंत गेलं की डावी पोटरी गोळा येऊन दगडासारखी व्हायची आणि हा माणूस लाजेखातर गप्पांचं नाटक करायचा. जर्मनीत ह्या आजाराला म्हणे 'दुकानाच्या काचेचा आजार' असंच म्हणतात, थांबायला कारण हवं म्हणून लोक काचेतला माल बघत उभे राहतात!

तर आम्हीपण नस दबलीय म्हणूनच धावलो. एमआरआयमध्ये मणक्यात थोडं दबलेलं निघालंच (त्या वयात एमआरआय केला की काहीतरी निघतंच), मग पट्टा, ट्रॅक्शन, गोळ्या, ह्यात वर्ष गेलं. घोळ आपल्या भाषेतच आहे, नर्व्हला पण नस आणि रक्तवाहिनीला पण नस. बाबांची दबलेली नव्हती, चोंदलेली होती.

एक साधा फरक बघा. मणक्याचं दुखणं बहुतेक वेळा नुसतं उभं राहून जात नाही, बसावं लागतं नाहीतर पुढे वाकावं लागतं. रक्त कमी पडत असेल तर उभ्या उभ्याच बरं वाटतं, आणि परत साधारण तेवढंच अंतर चाललं की दुखणं हजर.

आमच्याकडे शेवटी शुगरच्या डॉक्टरांनी पकडलं. त्यांनी मोजे काढायला लावले, पावलाच्या वर आणि आतल्या घोट्याच्या मागे बोटं ठेवून नाडी शोधली, डावीकडे लागलीच नाही. मग एबीआय केला, म्हणजे घोट्याचं वरचं बीपी भागिले दंडाचं वरचं बीपी. ०.९ च्या खाली आलं तर रक्तवाहिनी अरुंद झालीय असं धरतात, बाबांचं ०.५५ होतं. सुई नाही, काही नाही. पण शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असल्या की आकडा १.४ च्या वर जातो, तो चांगला समजून घरी येऊ नका.

व्हॅस्क्युलर सर्जन (म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन) पहिल्या भेटीत ऑपरेशनचं बोललेच नाहीत. बिडी बंद, ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि चालणं, म्हणजे चांगलं दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. पण मधेच बाबांनी पाय गार पडतो म्हणून गरम पाण्याची पिशवी लावली, पायाला संवेदना कमी त्यामुळे भाजलेलं कळलंच नाही, फोड आला आणि दोन महिने भरेना. (तुमच्या वडिलांना शेकू देऊ नका, प्लीज.) मग फुग्याने अँजिओप्लास्टी करायची ठरली. घाबरले होते, तेव्हा मी त्यांना १९६४ सालची गोष्ट सांगितली, अमेरिकेत पोर्टलंडला ८२ वर्षांची एक बाई पाय कापू देत नव्हती आणि चार्ल्स डॉटर नावाच्या डॉक्टरने नळी घालून तिची मांडीतली रक्तवाहिनी मोकळी केली, जगातली पहिली अँजिओप्लास्टी ती. बाबा म्हणाले, "मी तर अजून बहात्तरचाच आहे, चला."

जखम भरली, पानपट्टी आता न थांबता ओलांडतात, बिडी मात्र सोडायला अजून सहा महिने घेतले.

तुम्ही आज घरीच त्यांच्या दोन्ही पावलांच्या नाड्या चाचपून बघा, बोटांच्या मधे जखम आहे का तेही बघा. नाडी लागली तरी एबीआय करून घ्याच. आणि रात्री झोपेत पाय दुखून खाटेखाली लोंबकळत ठेवावासा वाटत असेल तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, ह्याच आठवड्यात दाखवा. अचानक पाय पांढरा-गार पडला, हलेना, तर मात्र लगेच गाडी काढा, तिथे साधारण सहाच तास हातात असतात.