वाडीत एकच आफ्रिकन गोगलगाय उरली तरी पुन्हा शेकडो होतात, हे खरं आहे का? आणि सगळी एकमेकांची भावंडं असूनही त्यांची वीण खंगत कशी नाही?

हो, खरं आहे. आमचं गुहागरला माड-पोफळीचं आगर आहे. पाऊस लागला की रात्री बॅटरी घेऊन या शंखी गोगलगायी वेचणं हे आता घरचंच काम झालंय.

ही गोगलगाय उभयलिंगी असते. नर आणि मादी दोन्ही एकाच अंगात. तरी सहसा तिला जोडीदार लागतोच. पण एकदा मीलन झालं की त्याचे शुक्राणू ती महिनोन्महिने शरीरात जपून ठेवते आणि लागतील तसे वापरते. म्हणून एकटी दिसणारी गोगलगायही पुढच्या पिढीची बेगमी करूनच आलेली असू शकते. एका खेपेला शंभर-दोनशे अंडी, आणि वर्षात अशा अनेक खेपा. अमेरिकेत मायामीला १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या, त्या घरच्या बागेत सोडल्या गेल्या, आणि सातेक वर्षांत त्यांच्या १८,००० वर झाल्या.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, दोन पालकांकडून एकेक. त्यातली एक बिघडलेली असली तरी बहुतेकदा दुसरी निभावून नेते. भावंडांत वीण झाली की दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच पिल्लात येण्याची शक्यता वाढते, आणि ते पिल्लू अशक्त निघतं. गोगलगायीतही हे होत असणारच. पण शेकडो पिल्लांतली अशी काही गेली तरी तिला फरक पडत नाही, उलट त्यांच्याबरोबर ती वाईट जनुकंही गळतात. शिवाय साठवलेले शुक्राणू एकाहून जास्त जोडीदारांचे असू शकतात, म्हणजे एका गोगलगायीबरोबर दोन-तीन घराण्यांचं बीज येतं. आणि संख्या इतकी भराभर वाढते की असलेली विविधता हरवायला फारसा वेळच मिळत नाही.

मुळात ती विविधता थोडीच आहे. ही पूर्व आफ्रिकेची. मॉरिशसवरून १८४७ मध्ये कोलकात्याला आणली गेली. मोजक्या पूर्वजांपासून सगळा पसारा वाढलेला. आईकडून येणारा मायटोकाँड्रियातला (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातला) डीएनए तपासला, तर आफ्रिका आणि हिंदी महासागरातली बेटं सोडून जगात बहुतेक ठिकाणी एकच प्रकार सापडतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, नुसत्या मोठ्या गोगलगायी मारून थांबू नका, अंडी शोधा. माडाच्या आळ्यात, कुजलेल्या सोडणांखाली, पातेरा बाजूला केला की बोटभर खोल मातीत ती पुंजक्याने मिळतात. पिवळसर पांढरी, ज्वारीच्या दाण्याएवढी. उन्हाळ्यात गडग्याच्या चिऱ्यांमधल्या फटी बघा. शंखाचं तोंड पातळ पडद्याने बंद करून त्या तिथे निपचित बसतात, पावसाची वाट बघत. नर्सरीतून कलम आणलंत तर पिशवीतली माती आधी तपासा, कारण बरेचदा अंडी तिथूनच येतात.

वेचताना हातमोजे घाला. यांच्यात उंदराकडून आलेला एक जंत असू शकतो, जो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. लहान मुलांना हात लावू देऊ नका. आणि मीठ आळ्यात टाकू नका, माती बिघडते. बादलीत मिठाचं दाट पाणी करून त्यात गोगलगायी बुडवा, आणि ते पाणी झाडांपासून लांब ओता.