ब्रिटिश पासपोर्ट असला तरी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्या (ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा घेण्याआधी)

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि एका वाक्यापाशी अडकले. इंग्लंडातल्या रेडिंगहून बिऱ्हाड हलवून इथे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या एखाद्या लहान शहरात यायचं ठरतंय, कन्सल्टंटने ४९१ व्हिसा सुचवलाय, मुलगी इयर टेनला आहे आणि पुढच्या उन्हाळ्यात तिची जीसीएसईची बोर्ड परीक्षा, पत्नी अजून भारतीय पासपोर्टवर आणि आयएलआरवर (यूकेत कायम राहण्याच्या परवानगीवर). आणि मग तुम्ही लिहिलंय, "माझा ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार नाही, तेवढा एक ताप वाचला."

तुमचे प्रश्न वेगळे आहेत. कंटेनर कधी बुक करायचा, आणि बेंडिगो बरं की बॅलरॅट. त्यावर शेवटी लिहिते. आधी या वाक्याबद्दल लिहू द्या, कारण आमच्या घराला ते सगळ्यात महाग पडलंय.

२०२२ साली आम्ही लेस्टरला होतो. तिथल्या एका कन्सल्टंटने हेच वाक्य आम्हाला ईमेलमध्ये लिहून दिलं होतं. ते खोटं नव्हतं. ब्रिटिश पासपोर्ट असणाऱ्याचं इंग्रजी 'कॉम्पिटंट' धरतात आणि परीक्षेशिवाय अर्ज करता येतो, हे खरं आहे. पण हे व्हिसे गुण मोजून मिळतात, आणि मुख्य अर्जदाराच्या 'कॉम्पिटंट' इंग्रजीला गुण शून्य. आयईएलटीएसच्या चारही भागांत किमान ७ असतील तर १० गुण, चारही भागांत किमान ८ असतील तर २०. हे गुण पासपोर्ट दाखवून मिळत नाहीत, परीक्षेला बसूनच मिळतात. कन्सल्टंटने फक्त पहिला अर्धा भाग सांगितला. आम्ही तेरा वर्षं इंग्लंडात काढलेली माणसं, आम्हालाही पुढचं विचारावंसं वाटलं नाही.

आमचा हिशोब मांडते, म्हणजे तुमचा पडताळून बघता येईल. माझे यजमान फूड टेक्नॉलॉजिस्ट, तेव्हा वय ४२. वयाचे १५, पदवीचे १५, ऑस्ट्रेलियाबाहेरच्या आठ वर्षांहून जास्त अनुभवाचे १५, जोडीदार म्हणून माझ्या कॉम्पिटंट इंग्रजीचे ५. झाले ५०. लागतात किमान ६५. राज्याने १९० या कायम वास्तव्याच्या (पीआरच्या) व्हिसासाठी नॉमिनेट केलं, म्हणजे शिफारस केली, तर ५ वाढतात, म्हणजे ५५, तिथे दारच बंद. ४९१ साठी नॉमिनेशनचे १५ मिळतात, म्हणजे बरोबर ६५. कन्सल्टंट म्हणाले, "बघा, ४९१ च तुमच्यासाठी आहे, हा पीआरचाच रस्ता आहे." परीक्षेचे २० त्यात धरले असते तर १९० ला ७५ झाले असते. नॉमिनेशन मिळालंच असतं असं मी म्हणत नाही, ते राज्याच्या हातात असतं. पण निदान रांगेत उभं तरी राहता आलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, १९० काय आणि ४९१ काय, राहायचं तर लहान गावातच आहे. आम्हीही हेच म्हणालो होतो. फरक असा की १९० हातात पडतो त्या दिवशी तुम्ही पर्मनंट रेसिडेंट असता. ४९१ पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. तीन वर्षं रीजनल भागात, म्हणजे मेलबर्नसारख्या मोठ्या शहरांबाहेर, राहून, काम करून, तीन आर्थिक वर्षांच्या टॅक्स ऑफिसच्या नोटीस ऑफ असेसमेंट (कर आकारणीचे कागद) जोडून मग १९१ या पर्मनंट व्हिसाचा अर्ज करायचा. तोवर मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्यसेवा) मिळतं, नोकरी करता येते, रोजच्या जगण्यात काही जाणवत नाही. जाणवतं ते मूल बारावीला गेल्यावर.

आमची मुलगी २४ ऑगस्ट २०२३ ला जीसीएसईचा निकाल घेऊन आठवड्याभरात विमानात बसली. इथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं. अकरावीचं वर्ष जवळजवळ संपत आलेलं, म्हणून शाळेने तिला उरलेले महिने इयर टेनमध्येच बसवलं. मग २०२४ ला अकरावी, २०२५ ला बारावी. अभ्यास छान चालला होता. नर्सिंग करायचं हे तिचं पक्कं होतं, आणि इथे बेंडिगोतच ला ट्रोब युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, मोठं हॉस्पिटल आहे. घरून जाऊन-येऊन शिकेल म्हणून मी खुशीत होते.

सप्टेंबर २०२५ ची संध्याकाळ. मी पोळ्या करत होते, ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन प्रवेशाचा अर्ज भरत होती. मधेच म्हणाली, "आई, आपण सिटिझन नाही, पीआर पण नाही, मग मी काय निवडू?" खाली उरलेला पर्याय होता टेंपररी व्हिसाचा. तो निवडल्यावर ती पुढे फीच्या पानावर गेली आणि गप्प झाली. इंटरनॅशनल स्टुडंट, वर्षाला ३८ हजार डॉलरच्या वर. तिच्या शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी तोच कोर्स पीआर किंवा सिटिझन म्हणून वर्षाला पाच हजारांच्या आत करणार. तीन वर्षांच्या डिग्रीचा फरक माझ्या डोक्यात मांडून होईपर्यंत तव्यावरची पोळी जळाली होती.

आमचा ४९१ मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेला. म्हणजे तीन वर्षं मार्च २०२६ ला भरली, आणि कॉलेज त्याच सुमारास सुरू होतं. अर्ज केलाय एवढ्यावर भागत नाही, पीआर हातात लागतो. त्यातून अजून एक गाठ. इथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. आम्ही निकालासाठी थांबून ऑगस्टअखेर आलो, त्यामुळे आमची तीन वर्षं २०२३-२४ पासून मोजली जातात आणि तिसरं वर्ष ३० जून २०२६ ला संपतं. यजमान एकटे मे महिन्यात पुढे येऊन कामाला लागले असते, तर एक आर्थिक वर्ष आधीच पदरात पडलं असतं आणि मार्चमध्येच अर्ज करता आला असता. हे आम्हाला आत्ताच्या एजंटने सांगितलं, ते तुमच्या बाबतीत कसं लागू होतं ते तुमच्या एजंटकडून लेखी घ्या.

मग आम्ही इंग्लंडचा विचार केला. म्हटलं, ब्रिटिश नागरिक आहे, तिकडे होम फी लागेल. तर तिथे नियम असा की कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं मुलाचं वास्तव्य यूकेत हवं. नुसता पासपोर्ट पुरत नाही. इकडे यायचं ठरवून आम्ही तिचा तो हक्कही घालवला होता. भारतात ओसीआय म्हणून बघितलं, तिथे एनआरआय कोट्यातली फी. तीन देशांशी नातं असलेली माझी लेक फीच्या रकान्यात तिन्हीकडे परकी ठरली. आता तिने ॲडमिशन पुढे ढकलली आहे आणि एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम करते. पहाटे पाचला उठून जाते. कधी तक्रार करत नाही, त्याचंच मला जास्त लागतं.

आणि "इथे येऊन परीक्षा देऊ आणि १९० करून घेऊ" हा विचार तुमच्या मनात येत असेल तर तो आत्ताच सोडा. ४९१ वर एकदा आलात की तीन वर्षं १८९, १९०, १८६ यांसारख्या पर्मनंट व्हिसांचे दरवाजे बंद असतात. यजमानांनी २०२४ मध्ये हट्टाने आयईएलटीएस दिली. महिनाभर रोज रात्री जेवणानंतर एक निबंध लिहायचे, कारण रायटिंगमध्येच सगळ्यांचे गुण जातात. पहिल्याच फटक्यात चारही भागांत ८ किंवा वर. तो कागद आमच्या फाइलमध्ये आहे. दोन वर्षं आधी दोनशे पौंडांच्या आसपास फी भरून तो मिळाला असता. आता त्याचा उपयोग शून्य.

तर माझं स्पष्ट मत. घरात चौदा-पंधरा वर्षांपुढचं मूल असेल तर १९० ची शक्यता पूर्ण तपासल्याशिवाय ४९१ घेऊ नये. बेंडिगोत राहायला ४९१ लागत नाही, १९० वर व्हिक्टोरियाने बोलावलं तरी इथे येऊन राहता येतंच. मुलं लहान असतील तर ४९१ उत्तम आहे, आमच्या ओळखीत अशी दोन कुटुंबं मजेत आहेत. तुमचा ईओआय (व्हिसासाठी आधी भरायचा 'एक्सप्रेशन ऑफ इंटरेस्ट' हा अर्ज) भरला असला तरी इन्व्हिटेशन येईपर्यंत त्यात बदल करता येतो. आल्यावर तो गोठतो. म्हणून परीक्षा आधी. निकाल तीन वर्षं चालतो, वाया जात नाही. पत्नींचा ब्रिटिश पासपोर्ट नसल्याने त्यांच्या नावाचे ५ गुण हवे असतील तर त्यांनाही परीक्षा द्यावी लागेल. त्यांचा व्यवसाय व्हिसाच्या यादीत बसत असेल आणि वय ४५ च्या आत असेल तर त्यांचंही स्किल्स असेसमेंट करून घ्या, मग ५ ऐवजी १० मिळतात. मी माझं केलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. शिवाय त्यांचा आयएलआर सलग दोन वर्षं यूकेबाहेर राहिलं की संपतो. निघण्याआधी नागरिकत्व घेता आलं तर बघा.

कन्सल्टंटबद्दल. आमच्या पहिल्या कन्सल्टंटला आम्ही ते ईमेल पुढे करून विचारलं, तर उत्तर आलं की "तुम्ही फीबद्दल विचारलं नव्हतं." सोळा वर्षांची मुलगी अर्जात दिसत होती. तिची जन्मतारीख त्यांच्याच हाताने टाइप केलेली. दोन वर्षांनी ही बारावी होणार, पीआरला तीन वर्षं लागणार, हा हिशोब करायला किती वेळ लागतो? पैसे घेताना 'संपूर्ण कुटुंबाचं मार्गदर्शन' म्हणायचं आणि मुलांकडे बघायचंही नाही, याचा मला अजून राग येतो. नंतर कळलं की ऑस्ट्रेलियाबाहेर बसून हा धंदा करणाऱ्याला ऑस्ट्रेलियात नोंदणी करणं बंधनकारक नाही. त्यामुळे तक्रार कुठे करायची हाही प्रश्नच. तुमच्या माणसाचं नाव ओमाराच्या (मायग्रेशन एजंटांची नोंदणी करणाऱ्या इथल्या सरकारी कार्यालयाच्या) रजिस्टरमध्ये शोधा, नोंदणी क्रमांक मागा. नंबर नसेल तर तो माणूस वाईटच असतो असं नाही, पण चुकला तर त्याला जाब विचारणारं कोणी नसतं, एवढं धरून चाला.

मी एजंट नाही, वकील नाही. गुणांचे आणि फीचे नियम बदलत राहतात, वरचं सगळं आमच्या फाइलपुरतं आहे. इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर स्वतः वाचून खात्री करा.

आता तुमचे प्रश्न. कंटेनर आम्हाला अकरा आठवड्यांनी मिळाला, म्हणून पहिल्या तीन महिन्यांचं सगळं सुटकेसमध्ये आणा, कुकरसकट. बायोसिक्युरिटीवाले माती आणि बिया यांच्याबाबत फार कडक आहेत. चालायचे बूट, सायकलची चाकं, बागेची अवजारं ब्रशने घासून धुवा, व्हॅक्युम क्लीनरची पिशवी रिकामी करा. देवाचं सामान वेगळं काढून तपासा. आमच्या देवाच्या डब्यात सासूबाईंनी दिलेली पुडी होती, सुपाऱ्या, हळकुंडं, अक्षता. मी फॉर्मवर लिहिली होती म्हणून दंड झाला नाही, पण पुडी गेली. लाकडी पोळपाट मात्र नीट बघून परत दिला. जे असेल ते लिहून द्या, लपवू नका.

बेंडिगो की बॅलरॅट, तर नोकरी जिथे आधी मिळेल तिथे. दोन्हीकडून मेलबर्नला रेल्वे आहे, बेंडिगोहून दोन तास, बॅलरॅट त्याहून जवळ. पण ४९१ वर असाल तर मेलबर्नला फिरायला, गणपतीला खुशाल जा, नोकरी तिथे धरायची नाही. घर मिळणं कठीण आहे, इथला भाड्याचा इतिहास मागतात. लेस्टरच्या घरमालकाचं पत्र आणि सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं जोडल्यावर आमचं काम झालं. आणि घर बघायला जुलैत गेलात तर हीटर लावून बघा. इंग्लंडात थंडी बाहेर असते, इथे ती घरात असते. एकेरी काचा, दाराखाली फट, सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं. लेस्टरच्या गोधड्या विकून आले होते, इथे पहिल्याच हिवाळ्यात नव्या घ्याव्या लागल्या. उन्हाळ्यात चाळिशी पार होते, तेव्हा फोनवर विकइमर्जन्सीचं (आणीबाणीच्या इशाऱ्यांचं) ॲप ठेवा आणि घर रानाला लागून असेल तर वणव्याच्या दिवशी कुठे जायचं ते आधीच ठरवा.

ड्रायव्हिंगचं यूकेचं लायसन्स परीक्षा न देता बदलून मिळतं. पत्नींचं भारतीयच असेल तर त्यांनी निघण्याआधी यूकेचं काढलेलं बरं.

तुमच्या ईओआयची पीडीएफ कन्सल्टंटकडून मागवून घ्या आणि 'इंग्लिश'समोर काय लिहिलंय ते बघा. 'कॉम्पिटंट' असेल तर मला निरोप टाका. वयाचे आणि अनुभवाचे गुण किती धरलेत तेही लिहा. यजमान बसून तुमच्याबरोबर आकडे मांडतील, आमच्याकडे रात्र झाली की तुमची सकाळ असते. त्यांनी सरावासाठी लिहिलेले निबंधही सगळे ठेवले आहेत, हवे असतील तर स्कॅन करून पाठवते.