शिंतो समजून घ्यायचाय? आधी देवळात जाऊन बघा

जपानी माणसाला ‘तुमचा धर्म कोणता?’ असं विचारून सुरुवात करू नका. बरेच जण ‘मुशूक्यो’, म्हणजे कुठलाच नाही, असं सांगतील आणि १ जानेवारीला तेच कडाक्याच्या थंडीत देवळासमोर रांगेत दिसतील. यात खोटेपणा नाही. ‘धर्म’ या अर्थाने ‘शूक्यो’ हा शब्दच तिथे मेइजी काळात (१८६८-१९१२) रुळला. शिंतो, म्हणजे जपानची पारंपरिक देवपूजा, त्यांच्यासाठी मानण्यापेक्षा करण्याची गोष्ट आहे.

म्हणून देवळात शिरणाऱ्यांच्या हातांकडे बघा. लांब दांड्याच्या डावाने आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग तळहातावर पाणी घेऊन चूळ भरायची. शेवटी डाव उभा धरायचा, म्हणजे उरलेल्या पाण्याने दांडाही धुतला जातो, पुढच्या माणसासाठी. मला सगळा शिंतो या एका कृतीत दिसतो. मग नाणं, दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार. इझुमोच्या देवळात टाळ्या चार.

इसेचं मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. मागची खेप, ६२वी, २०१३ची. तिथलं जुनेपण लाकडात नाही, सुतारांच्या हातात आहे.

मात्र ‘प्राचीन, शुद्ध शिंतो’ ही कथा डोळे झाकून स्वीकारू नका. बौद्ध आणि शिंतो देव शतकानुशतकं एकत्र नांदले. १८६८मध्ये सरकारने त्यांची फारकत केली, पुढे शिंतो राष्ट्रवादाला जुंपला, आणि डिसेंबर १९४५मध्ये त्याचा राजाश्रय गेला. एनोशिमा बेटावर गेलात तर बेंझाइतेनचं दर्शन जरूर घ्या. ती आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर जपानला पोहोचलेली.