शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या सुखदुःखाच्या बातम्या वेळेवर कळाव्यात म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न असा: शाळा सोडून चाळीस वर्षं झाली, वर्गातल्या ५२ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज मेसेजचा पाऊस पडतो, तरी एक वर्गमित्र गेल्याचं तुम्हाला तीन महिन्यांनी कळलं. हे टाळायचं कसं?

बहुतेक वेळा कारण एकच असतं. माणूस जातो किंवा अंथरुणाला खिळतो, आणि शाळेतल्या कुणाला कळवायचं हे घरच्यांना ठाऊकच नसतं. फोनमध्ये नावं 'बंड्या', 'शाळा २' अशी ठेवलेली. फोनला लॉक असेल तर तेवढीही दिसत नाहीत. म्हणून पहिलं काम ग्रुपच्या बाहेरचं आहे. प्रत्येकाने दोन वर्गमित्रांची पूर्ण नावं आणि नंबर कागदावर लिहून घरात द्यायचे आणि सांगून ठेवायचं, 'काही झालं तर या दोघांना कळवा, पुढचं ते बघतील.' उलट बाजूने, तुमच्या यादीत प्रत्येकाच्या घरच्या एका माणसाचा नंबर हवा. जोडीदार, मुलगी, भाचा, कुणीही चालेल. फक्त त्या माणसाची परवानगी घेतलेली असावी.

यादी म्हणजे ग्रुपमधली नावं नव्हेत. साधी शीट करा: शाळेतलं पूर्ण नाव, आत्ताचं नाव, तुकडी, गाव, नंबर, घरच्या माणसाचा नंबर, माहिती कधी तपासली ती तारीख. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मैत्रिणींची दोन्ही नावं लिहिली नाहीत तर बातमी वाचून निम्म्या वर्गाला 'ही कोण?' असा प्रश्न पडतो. शीट गूगलवर ठेवलीत तर बदल करण्याची मुभा दोघातिघांनाच द्या आणि 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय बंद ठेवा. इतक्या लोकांचे नंबर वाऱ्यावर सोडायचे नसतात. खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणून एक प्रत दुसऱ्याच्या खात्यात आणि एक कागदावर ठेवा.

वर्षातून एकदा ही यादी फोन करून तपासायची. पाच जणांनी प्रत्येकी दहा-अकरा नावं घेतली आणि आठवड्याला दोन फोन केले, तर दीड महिन्यात फेरी पुरी होते. फॉर्म पाठवून माहिती मागवणं मला पटत नाही. जे बरे आहेत ते फॉर्म भरतात. ज्यांची खबर घ्यायला हवी तेच भरत नाहीत. दोन मिनिटांच्या बोलण्यात आवाजावरूनच बरंच समजतं. नंबर बदललेले लोकही याच फेरीत सापडतात. ज्यांनी व्हॉट्सॲपमधली 'नंबर बदला' ही सोय वापरली त्यांचे ग्रुप नव्या नंबरावर आपोआप येतात. नवं सिम घालून नव्याने सुरुवात केलेल्यांचा जुना नंबरच ग्रुपात पडून राहतो, आणि बंद झालेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देऊ शकते.

आता ग्रुप. गप्पांचा ग्रुप आहे तसाच राहू द्या, शुभ सकाळवाल्यांशी भांडू नका. बातम्यांसाठी दुसरा ग्रुप काढा आणि परवानग्यांमध्ये जाऊन फक्त ॲडमिननाच मेसेज पाठवता येतील असं करा. श्रद्धांजली, अभिनंदन, सगळं गप्पांच्या ग्रुपवर. बातम्यांच्या ग्रुपवर महिन्याला चार-पाचच मेसेज आले, तर लोक तो म्यूट करत नाहीत आणि आलेलं वाचतात. ॲडमिन तीन तरी असावेत. एकच असेल आणि तो बाहेर पडला, तर व्हॉट्सॲप कुणालाही ॲडमिन करून टाकतं. साधा फोन वापरणारे, ऐकू कमी येणारे यांची नावं वेगळी काढा आणि प्रत्येकामागे बातमी सांगणारा एक माणूस नेमा. 'कुणीतरी सांगेल' म्हटलं की कुणीच सांगत नाही.

आजारपणाची बातमी त्या माणसाला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नये, आणि ते सांगतील तेवढीच टाकावी. रोगाचं नाव, रिपोर्टचे फोटो, दवाखान्यातल्या खोलीचा नंबर यातलं काहीही आपणहून नको. भेटायला यावं का, फोन केला तर चालेल का, कुणाला करायचा, एवढं मात्र स्पष्ट लिहावं. नाहीतर एका दिवसात चाळीस फोन जातात आणि उत्तरं देता देता घरचेच थकतात.

मदतीसाठी पैशांचा मेसेज मित्राच्या नंबरावरून आला तरी आधी त्याला साधा फोन लावून आवाज ऐका. व्हॉट्सॲप सुरू करताना एसएमएसने येणारा सहा आकडी कोड काढून घेऊन खातं बळकावायचं आणि ओळखीच्यांकडे पैसे मागायचे, ही फसवणूक ग्रुपमधूनच पसरते. व्हॉट्सॲपमधला टू-स्टेप पिन, म्हणजे त्या कोडशिवाय आणखी विचारला जाणारा आपला गुप्त आकडा, प्रत्येकाने लावून घ्यावा.

निधनाची बातमी घरच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय टाकायची नाही, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. मेसेज साधारण असा:

'आपल्या ब तुकडीतले (पूर्ण नाव) यांचं काल, (तारीख) रोजी निधन झालं. मुलीशी बोलून ही खात्री केली आहे. अंत्यविधी झाले आहेत. घरच्यांना रविवारपर्यंत फोन करू नयेत अशी त्यांची विनंती आहे. त्यानंतर भेटायला जाणाऱ्यांनी (समन्वयकाचं नाव) यांना आधी कळवावं.'

यात नाव, तुकडी, तारीख, खात्री कुणाकडून केली आणि घरच्यांची इच्छा, सगळं आलं. एवढं असलं की पुढचे वीस प्रश्न टळतात.

त्यानंतर त्या मित्राचा नंबर ग्रुपमधून लगेच काढू नका. तो फोन आता बायकोकडे किंवा मुलाकडे असतो, आणि वर्गमित्रांनी लिहिलेल्या आठवणी ते वाचत असतात. काही आठवड्यांनी त्यांनाच विचारून ठरवा. वाढदिवसाच्या यादीतून मात्र नाव त्याच दिवशी काढा. नाहीतर कुणीतरी यादी बघून त्याच नंबरावर 'शंभर वर्षं जग, मित्रा' असं पाठवतो, आणि ते घरचं माणूस वाचतं.