कॉर्डलेस ग्राइंडरसाठी १८ व्होल्टची बॅटरी घ्यायची आहे. ५ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) दोन, ८ एएचची एक की थेट १२ एएच?

तुम्ही लिहिलंय की लातूरकडे शेतात सौर पंपांचे स्ट्रक्चर उभे करता. हाताशी १८ व्होल्टचं ड्रिल, इम्पॅक्ट रेंच आणि चार इंची ग्राइंडर आहे. ५ एएचच्या जुन्या बॅटऱ्या ग्राइंडरवर मध्येच बंद पडतात आणि दुकानदार म्हणतो, १२चीच घ्या, दिवसभर बघायचं काम नाही. मीही परभणी-जिंतूर पट्ट्यात हेच काम करतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आल्यापासून तर आमचा मुक्काम वावरातच असतो. जिथं पंप बसवायचा तिथं लाइट नसते. असती तर शेतकऱ्यानं सौर पंप मागितला असता कशाला? त्यामुळे बॅटरी संपली की माणसं धुऱ्यावर बसून राहतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. १२ नको. ग्राइंडरला ८ एएचची एक, आणि ड्रिल-इम्पॅक्टला ४ किंवा ५च्या दोन.

आता का ते. बॅटरी घेताना आपण फक्त एएच बघतो आणि तिथंच फसतो. विहिरीत पाणी किती आहे एवढंच एएच सांगतं, पाईप एक इंची आहे की तीन इंची, ते सांगत नाही. ग्राइंडरला पाईप मोठा लागतो. ५ एमएमचा लोखंडी अँगल कापताना चार इंची ग्राइंडरनं ८०० वॅट ओढले असं धरा. १८ व्होल्टनं भागलं की साधारण ४४ अँपिअर होतात. घरातला मिक्सर ३-४ अँपिअरवर चालतो, त्यापुढे हे बघा.

१८ व्होल्टच्या कुठल्याही लिथियम बॅटरीत पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाचाचे झाले १८. (डब्यावर "२० व्होल्ट मॅक्स" किंवा "२१ व्होल्ट" असेल तरी तेच पाच सेल. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.२ पर्यंत जातो, त्याचा तो आकडा. जास्त ताकद वगैरे काही नाही.) क्षमता वाढवायची तर अशा पाचच्या ओळी शेजारी शेजारी जोडतात. तुमच्या ५ एएचच्या बॅटरीत बहुतेक २.५ एएचचे दहा सेल आहेत, म्हणजे दोन ओळी. त्या ४४ अँपिअरचा भार दोघींत वाटला की एकेका सेलवर २२ येतात. या जातीचा चांगला सेल सलग २० अँपिअरच्या आसपास झेपवतो. म्हणजे तुमची बॅटरी अगदी काठावर चालते. त्यात ती जुनी झाली की आतला रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो, भार आला की व्होल्टेज झपकन खाली बसतं, आणि आतलं सर्किट तिला रिकामी समजून बंद करतं. म्हणूनच दोन मिनिटांनी परत लावली की ती पुन्हा चार्जच्या दोन दांड्या दाखवते. तुम्ही लिहिलेला प्रकार हाच दिसतोय.

८ एएचमध्येही सेल दहाच असतात, पण जाड. जुना सेल १८६५० नावाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. नवा २१७००, म्हणजे २१ जाड आणि ७० लांब. आकारमानानं नवा जवळपास दीडपट. त्यातला ४ एएचचा चांगला सेल ३०-३५ अँपिअर सलग देतो. तेच २२ अँपिअर त्याला मागितले तर तो घाम न गाळता देतो. तुमच्या ग्राइंडरचा आजार इथंच बरा होतो, १२ पर्यंत जायची गरज पडत नाही.

मग १२ एएचमध्ये काय असतं? तेच जाड सेल, पण पंधरा. भार तिघांत वाटला जातो, एकेकावर १५च्या आतबाहेर. उष्णता अँपिअरच्या वर्गानं वाढते, त्यामुळे २२ चे १५ झाले की प्रत्येक सेल निम्म्याहूनही कमी तापतो. तांत्रिक बाजूनं १२ सगळ्यात सरस, हे मी नाकारत नाही. पण एक जाड सेल ७० ग्रॅमचा. पंधरा सेलांचंच वजन किलोच्या वर जातं, वरून खोकं, पट्ट्या, सर्किट. ती बॅटरी लावून इम्पॅक्ट हातात घ्या आणि पॅनेलच्या खाली उभं राहून वर हात करून चाळीस बोल्ट आवळा. संध्याकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो. जमिनीवर ठेवून चालणारा गोल करवत, मोठा ग्राइंडर, काँक्रीट फोडायचं मशीन असेल तर १२ घ्या. तुमच्याकडे ते नाहीत.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. मशीनसोबत येणारा छोटा चार्जर २ अँपिअरचा असला तर १२ एएचला सहा तासांच्या वर लागतात. आमच्याकडे लाइट कधी येते आणि कधी जाते हे तुम्हाला सांगायला नको. ८ अँपिअरचा चार्जर असेल तर ८ एएच सव्वा तासात वर येते, जेवणाच्या सुट्टीत बरीचशी भरते. १२ आणि ८ मधला जो पैशाचा फरक आहे तो चार्जरमध्ये घाला. विजेचा खर्च किरकोळच आहे, १२ एएच म्हणजे २१६ वॅट-तास, एका युनिटचा पाचवा हिस्सा.

कंपनी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही, त्यावरही अवलंबून आहे. बॉशच्या प्रोकोअरमध्ये ४, ८ आणि १२ मिळतात. मकिताच्या १८ व्होल्टच्या मालिकेत मोठ्यात मोठी ६ एएच, त्याच्या वर जायचं तर ४० व्होल्टची वेगळी मालिका आणि मशीनही वेगळं. डिवॉल्टच्या फ्लेक्सव्होल्टवर ६ एएच दिसलं तर गोंधळू नका. तिच्यात पंधरा सेल आहेत. २० व्होल्टच्या मशीनवर ती ६ एएच देते आणि ६० व्होल्टच्या मशीनवर तीच २ एएचची होते. ओळी बदलतात, माल तेवढाच. वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्या तोलायच्या असतील तर व्होल्टला एएचनं गुणा आणि वॅट-तास बघा. ३६ व्होल्ट ४ एएच आणि १८ व्होल्ट ८ एएच दोन्ही १४४च.

आता माझा गाढवपणा. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक बॅटरी मागवली, माझ्या मशीनला बसणारी. डब्यावर ठळक "१२ एएच", आणि किंमत कंपनीच्या ४ एएचपेक्षा कमी. पहिल्याच दिवशी ग्राइंडरवर अडीच अँगल कापून झोपली. आमच्याकडे भाच्यासारखा एक पोरगा आहे, तो ती घेऊन गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून आला. "मामा, ६४० ग्रॅम भरली. आपली ५ची बी एवढीच भरतीय की." मग खोलली. खाली चार चांदणीच्या तोंडाचे स्क्रू, आत बारीक जातीचे दहा सेल, प्रत्येकावर १५०० छापलेलं. म्हणजे एकेक दीड एएचचा, दोन ओळींचे मिळून ३ एएच. बारीक सेल जगात चांगल्यातला चांगला घेतला तरी ३.५ एएचच्या आसपासच थांबतो, दहा सेलांच्या दोन ओळींचे ७ होतात. १२ त्यात बसूच शकत नाहीत, हा साधा हिशेब मला खोलल्यावर सुचला. ती बॅटरी आता वावरात ९ वॅटचा दिवा लावायला वापरतो, चार-पाच तास जळतो.

तेव्हापासून मी वजन करूनच घेतो. सेलांचंच वजन धरा: खऱ्या ५ एएचला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, ८ला ७००, १२ला किलोच्या वर, आणि खोक्याचं त्यावर वेगळं. १२ लिहिलेली बॅटरी एक किलोच्या आत भरली तर पुढं बोलूच नका.

सेल बदलून देणारेही आता सगळीकडे झालेत. मला त्यांचा अनुभव संमिश्र आहे, एकदा चांगला आणि दोनदा वाईट. वाईट दोन्ही वेळेला सायकल-स्कूटरच्या बॅटरीतले सेल घातले होते. ते एएच जास्त देतात, पण अँपिअर ७-८च सोसतात. ड्रिलवर ठीक चाललं, ग्राइंडरवर पहिल्याच कापाला बंद. द्यायचीच असेल तर सेल किती अँपिअरचा ते विचारा आणि पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं जोडून घ्या, सेलवर थेट सोल्डरिंगचा डाग दिलेला चालत नाही.

आणि उन्हाळा. लिथियमचे सेल बहुतेक ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४२ असतं, त्यात ग्राइंडरवरून काढलेली बॅटरी हाताला चटका देते. चांगला चार्जर ती घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो. तो बिघडला असं समजून आपण तीनदा काढघाल करतो. आमच्या त्या पोरानं एकदा यावर उपाय म्हणून बॅटरी थंड पाण्याच्या जारवर ठेवली, खाली सगळी टोकं ओली. तसं करू नका. लिंबाखाली पोत्यावर अर्धा तास ठेवायची, मग लावायची. पिकअपच्या काचेमागं डॅशबोर्डवर तर कधीच ठेवायची नाही. भरलेली आणि तापलेली, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सेल लवकर म्हातारा होतो.

मशीन कुठल्या कंपनीचं आहे आणि चार्जरवर मागं किती अँपिअर लिहिलंय तेवढं कळवा, मग नेमका जोड सांगतो.